सहाव्या खिशातली चिठ्ठी

त्यांच्या शर्टाला सहा खिसे असत. दोन छातीवर, दोन पोटावर, एक डावीकडे आतून आणि एक उजवीकडे आतून, बटण लावलेला. असा शर्ट कुठल्याच दुकानात मिळत नाही, म्हणून ते वर्षाला दोन शिवून घेत. त्यांचा शिंपी मला एकदा म्हणाला होता, "साहेब, यांच्या एका शर्टाच्या वेळात माझे तीन शर्ट होतात. आणि खिसा बोटभर सरकला तरी परत घेऊन येतात."

पहिल्या खिशात बँकेचं, दुसऱ्यात रेशनचं, तिसऱ्यात बायकोच्या दवाखान्याचं, चौथ्यात ऑफिसचं, पाचव्यात घरचं. "एका खिशात दोन ठिकाणच्या चिठ्ठ्या ठेवू नयेत," हे ते इतक्यांदा म्हणत, की आमच्या ऑफिसात चहा सांडला तरी कुणीतरी हेच वाक्य म्हणायचं. सहाव्या खिशात काय असतं, असं मी विचारलं होतं. म्हणाले, "काही नाही. एक रिकामा असावा की."

मी आता त्र्याहत्तर वर्षांचा आहे. शहरात सात रस्ता चौकात एका झेरॉक्सच्या दुकानावर माझं दोन खोल्यांचं सॉफ्टवेअरचं ऑफिस होतं आणि हे गृहस्थ तिथं सहा वर्षं माझ्याकडे नोकरीला होते. जिल्ह्यातल्या ऊसवाल्या गावांत त्यांना अजून 'टोळी नऊ' म्हणतात. ते नाव त्यांना माझ्यामुळे पडलं. खरं तर ते माझं नाव आहे. हे सांगायला मी बारा वर्षं लावली.

आम्ही त्यांना 'सॉर्टर' म्हणायचो, कारण उभं आयुष्य त्यांनी टपालाच्या कामात काढलं होतं. आगगाडीच्या डब्यात उभं राहून पत्रं वाचायची आणि भिंतीवरच्या खान्यांत गावागावाप्रमाणे टाकायची. ते काम कमी होत गेलं तेव्हा त्यांनी लवकर निवृत्ती घेतली आणि पन्नाशीत कॉम्प्युटर शिकले. माझ्याकडे आले तेव्हा मी विचारलं, "प्रोग्रामिंग येतं का?"

"सॉर्टिंग येतं," ते म्हणाले. "बाकीचं त्यातच आलं."

त्यांना बसून काम करता येत नसे. त्यांच्यासाठी एक जुनं कपाट आडवं करून त्यावर कॉम्प्युटर ठेवावा लागला, आणि खुर्चीवर त्यांची पिशवी बसायची. आठ-आठ तास उभे. मी म्हणायचो, "अहो, बसा की." तर म्हणायचे, "बसून पत्र टाकलं की ते शेजारच्या गावाला जातं."

आमचं काम साधारण असं असे : लोकांना जी माहिती निरनिराळ्या वेबसाइटवर जाऊन बघावी लागते, ती आमचा सर्व्हर त्यांच्या वतीनं जाऊन घेऊन येणार. माणसाऐवजी प्रोग्राम जाणार. ऐकायला सोपं वाटतं. पण वेबसाइटला माणसाची सवय असते आणि माणूस येतो ब्राउझरमधून. ब्राउझर शंभर गोष्टी गुपचूप करतो, प्रोग्रामला त्या एकेक शिकवाव्या लागतात. सॉर्टर म्हणायचे, "आपला प्रोग्राम पहिल्यांदाच शहरात आलेला माणूस आहे. त्याला रीत शिकवा."

आणि रीत ते नाटक करून शिकवायचे. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला, म्हणजे मालकाला, टेबलामागे बसवलं. "तुम्ही सर्व्हर. मी येतो." बाहेर गेले, दार वाजवून आत आले. "नमस्कार. माझा नंबर अमुक, पासवर्ड अमुक." मी म्हटलं, "बरोबर आहे." ते बाहेर गेले, परत आले. "माझा निकाल द्या."

मी म्हटलं, "देतो. बसा."

"चुकलात!" ते ओरडले. "मला ओळखलंत कसं?"

"आत्ता तर तुम्ही येऊन गेलात."

"साहेब, तुम्ही सर्व्हर आहात! सर्व्हरला माणूस लक्षात राहत नाही. दार बंद झालं की विसरला. त्याला चिठ्ठी लागते. पहिल्या वेळी तुम्ही मला चिठ्ठी द्यायची, पुढच्या प्रत्येक वेळी मी ती दाखवायची. त्या चिठ्ठीला कुकी म्हणतात. आता करा परत."

आम्ही परत केलं. सात वेळा. खाली झेरॉक्सवाला वर येऊन विचारून गेला, की वरती भांडण वगैरे चाललंय का.

त्या चिठ्ठीचे त्यांचे दोन नियम होते. एक तर खिशाचा, तो सांगितलाच. दुसरा : काम झालं की चिठ्ठी रद्द करायची, आणि ज्यानं दिली त्यानंच ती रद्द करायची. आपण आपल्याकडची फाडून टाकली तरी देणाऱ्याच्या वहीत ती जिवंत राहते. म्हणून त्यांचा प्रोग्राम कुठल्याही साइटवरून निघताना न विसरता लॉगआउट करायचा. "निरोप घेऊन निघावं. न सांगता उठून जाऊ नये."

रीडायरेक्टचाही एक नियम होता. तुम्ही एका पत्त्यावर जाता आणि साइट म्हणते, इथं नाही, तिकडं जा. तिकडं गेलं की आणखी तिसरीकडं. प्रोग्रामला सांगून ठेवावं लागतं की किती वेळा ऐकायचं. सॉर्टरांनी आकडा ठेवला होता पाच. "पाच वेळा पाठवलं तर जावं. सहाव्यांदा पाठवतो तो फिरवतोय."

हा नियम ते स्वतःलाही लावत. बायकोच्या जन्माच्या दाखल्यासाठी ते एका सरकारी कचेरीत गेले होते, मी बरोबर होतो. चार नंबरच्या खिडकीनं सातला पाठवलं. सातनं परत चारला. चारनं पुन्हा सातला. सॉर्टर एकेक बोट दुमडत होते. पाचवं बोट दुमडल्यावर ते दोन खिडक्यांच्या मधोमध उभे राहिले, पिशवीतून कागद काढला आणि मोठ्या अक्षरात लिहिलं : 'खिडकी चार म्हणते सात. खिडकी सात म्हणते चार.' खाली सही केली आणि कागद मधल्या भिंतीवर खळीनं चिकटवला. खळ त्यांच्या पिशवीत कायम असायची, टपालातली सवय. मग हाताची घडी घालून उभे राहिले. रांगेतली माणसं वाचून हसायला लागली. चारमधल्या बाई उठून बाहेर आल्या, सातमधले गृहस्थ उठून बाहेर आले. दोघांनी कागद वाचला, एकमेकांकडे बघितलं, आणि दहा मिनिटांत दाखला मिळाला.

बाहेर आल्यावर म्हणाले, "दोघांना एकच कागद एकाच वेळी दिसला पाहिजे. तेवढंच असतं."

जावास्क्रिप्टचा धडा मी एका लग्नात शिकलो. ऑफिसातल्याच एकाचं लग्न. पंगत बसली, ताटं आली, मीठ आलं, लिंबू आलं, शेंगाचटणी आली, आणि मग अर्धा तास काही नाही. वाढपी कुठं गायब झाले ते कळेना. सॉर्टर माझ्या कानाशी म्हणाले, "साहेब, बघा. पान आलंय, पण आत जेवण नाही. हल्लीच्या साइटी अशाच असतात. पान कोरं पाठवतात आणि बरोबर जावास्क्रिप्ट पाठवतात, की आता तूच जाऊन आण. ब्राउझर जाऊन आणतो. आपला प्रोग्राम बसून राहतो आणि म्हणतो, जेवण नव्हतंच."

"मग काय करायचं?"

"वाढपी काय स्वतः रांधतो? तो आचाऱ्याकडनं आणतो. आपण आचाऱ्याचा पत्ता काढायचा."

आणि उठून ते सरळ मागे चुलीकडे गेले. दोन मिनिटांनी आमटीची बादली घेऊन आले आणि आमची सगळी ओळ वाढून काढली. वधूचे मामा धावत आले, "अहो, तुम्ही पाहुणे!" तर म्हणाले, "आचाऱ्याला विचारून आणलंय. न विचारता पातेल्यात पळी घालत नाही मी."

हेही खरं होतं. ज्या साइटवर आमचा प्रोग्राम जायचा, त्यांना ते आधी पत्र लिहून परवानगी विचारत. कागदी पत्र. त्यावर तिकीट.

आता कारखान्याचं काम.

जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्यानं, नाव सांगत नाही कारण त्यांची यात काही चूक नाही, शेतकऱ्यांसाठी वेबसाइट केली होती. सभासदानं आपला नंबर टाकायचा की त्याच्या उसाच्या तोडणीची पाळी कधी, तोडकऱ्यांची कुठली टोळी येणार, ते दिसायचं. पण तेव्हा गावात साधे फोन होते. वेबसाइट बघणार कोण? आम्हाला काम मिळालं : शेतकऱ्यानं मिस्ड कॉल द्यायचा, आमचा सर्व्हर त्याच्या नंबरानं साइटवर जाऊन पाळी बघणार आणि त्याला मेसेज पाठवणार.

ज्यांना उसातलं ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो, की पाळी ही लहान गोष्ट नाही. ऊस वेळेवर तुटला नाही तर वाळतो, वजन घटतं. पाळी कधी येते याच्यावर माणसाची झोप अवलंबून असते.

सॉर्टरांनी तीन आठवड्यांत प्रोग्राम लिहिला. प्रत्येक शेतकऱ्यासाठी कुकीची वेगळी फाइल. आत जायचं, तीन रीडायरेक्ट पार करायचे, आचारी शोधून पाळी घ्यायची, लॉगआउट करायचं, फाइल पुसायची, मग पुढचा शेतकरी. चोख काम होतं. पण सावकाश. एकेका माणसाला अर्धा मिनिट लागायचं. कारखान्याचे शेतकी अधिकारी दुसऱ्या दिवशी काम बघायला येणार होते आणि मला वाटायला लागलं, की ते घड्याळाकडे बघत बसतील आणि काम हातचं जाईल.

सॉर्टर त्या दुपारी बायकोला घेऊन दवाखान्यात गेले होते. मी त्यांच्या कपाटापुढे उभा राहिलो आणि फाइल उघडली.

मला प्रोग्रामिंग बिघडवण्यापुरतं येत होतं. वेळ जातो तो पुन्हा पुन्हा लॉगिन करण्यात, हे मला दिसलं. मी एक ओळ बदलली. प्रत्येकाची वेगळी कुकीची फाइल होती, तिथं सगळ्यांना मिळून एकच केली, आणि लॉगआउटही काढून टाकलं. चाचणीसाठी कारखान्यानं एका बाईंचा नंबर दिला होता, सुभद्राबाई. तो चार वेळा चालवला. पहिल्यांदा अर्धा मिनिट, मग चुटकीसरशी. चारही वेळा उत्तर बरोबर! मी स्वतःवर इतका खूश झालो, की खाली जाऊन झेरॉक्सवाल्याला चहा पाजला.

दुसऱ्या दिवशी अधिकारी आले. सॉर्टर कपाटापाशी उभे होते, कळ मी दाबली. सुभद्राबाईंच्या गावातल्या एक्केचाळीस सभासदांना मिनिटभरात एक्केचाळीस मेसेज गेले. अधिकाऱ्यांनी टाळी वाजवली. सॉर्टर स्क्रीनकडे बघत पुटपुटले, "एवढ्यात कसं होईल?" मी म्हटलं, "नेट चांगलं आहे आज."

झालं काय होतं, तर पहिली आत गेली सुभद्राबाई. तिची चिठ्ठी खिशात राहिली. दुसऱ्या शेतकऱ्याचा नंबर घेऊन प्रोग्राम दारात गेला तेव्हा साइटनं खिशातली चिठ्ठी बघितली आणि म्हणाली, या सुभद्राबाई, तुम्ही तर आतच आहात, नंबर कशाला सांगता? आणि तिचीच पाळी दिली. तिसऱ्यालाही. एक्केचाळिसाव्यालाही. मी तपासताना एकच नंबर चार वेळा चालवला होता, म्हणून मला सगळं बरोबर दिसलं.

मेसेजात नाव नव्हतं. फक्त एवढंच : 'आपल्या उसाची तोडणी परवा. टोळी क्रमांक नऊ.'

त्या गावची रीत अशी, की टोळी रानात आली की बांधावर नारळ फोडायचा आणि तोडकऱ्यांना पहिल्या दिवशी सकाळी शिरा द्यायचा. परवाच्या सकाळी त्या गावात एक्केचाळीस घरी रवा भाजला गेला. किराणा दुकानातले नारळ आदल्या दुपारीच संपले, तर काहींनी शेजारच्या गावाहून आणले. आणि टोळी नऊ, म्हणजे एक मुकादम, बारा-चौदा माणसं आणि बैलगाड्या, सुभद्राबाईच्या रानाकडे निघाली ती वाटेतल्या प्रत्येक बांधावर अडवली गेली.

"ओ मुकादम, हितं! आमच्यात हाय की पाळी!"

"न्हाय हो, आमची बाईकडं हाय."

"आमाला मेसेज आलाय की! बसा आदी, शिरा खावा."

मुकादम भला माणूस. समोर आलेलं पान नाकारायचं कसं? सात बांधांवर सात वेळा शिरा खाल्ला टोळीनं. दहाच्या सुमाराला सगळी टोळी एका कडुलिंबाखाली आडवी झाली ती उठेना. सुभद्राबाईचाही ऊस त्या दिवशी तुटला नाही.

दुसऱ्या दिवशी सात रस्त्याला आमच्या दारात टेम्पो उभा राहिला. वीस-पंचवीस माणसं जिना चढून आली, मागोमाग शेतकी अधिकारी. सगळ्यांच्या पुढं तात्या म्हणून एक उंच म्हातारे, हातात न फोडलेला नारळ.

"कुनी केला ह्यो परताप?" तात्यांनी विचारलं. "आमी उसाचं पानी तोडलं, रान मोकळं केलं, पावनं बोलावलं. अन् पाळी कुनाची, तर हिची!" सुभद्राबाई कोपऱ्यात उभी होती. ती म्हणाली, "माज्याकडं बगू नगा. म्या काय केलंय?"

खोलीत जागा उरली नव्हती. सगळे माझ्याकडे बघत होते. आणि मी म्हणालो, "प्रोग्राम यांनी लिहिलाय."

हे वाक्य खरं आहे. अक्षरन् अक्षर खरं. इतकं खोटं मी आयुष्यात दुसरं काही बोललो नाही.

सॉर्टर आमच्याकडे पाठ करून उभे होते. त्यांनी फाइल उघडली, खाली खाली गेले आणि एका ओळीवर थांबले. मला त्यांची फक्त पाठ दिसत होती. त्यांनी पेन काढलं, एका कपट्यावर काहीतरी लिहिलं, घडी घातली आणि खिशात ठेवली. मग वळले.

"प्रोग्राम माझाच आहे," ते म्हणाले. "सगळ्यांच्या चिठ्ठ्या एका खिशात गेल्या. माफ करा."

तात्यांनी त्यांना खालून वर बघितलं. "तुमच्याच अंगावर सा खिसं हायत, अन् आमच्या चिठ्ठ्या एका खिशात व्हय? मग तुमचं नाव आजपासनं टोळी नऊ." सगळे हसले. राग निवला. नारळ त्यांनी आमच्याच उंबऱ्यावर फोडला आणि खोबरं वाटून खाल्लं. सॉर्टरांनाही दिलं. मला दिलं तेव्हा मी घेतलं.

जाताना अधिकारी मला बाजूला घेऊन म्हणाले, "हा माणूस या कामावर नको." मी म्हटलं, "बरं."

सॉर्टरांनी कायमचं निघायच्या आधी ती ओळ दुरुस्त केली आणि वर एक टीप लिहिली : 'सावकाश चालतो. चालू द्यावा.' खुर्चीवरची पिशवी उचलली. "येतो साहेब," म्हणाले. निरोप घेतल्याशिवाय ते कुठूनच निघत नसत.

त्यांचा दुरुस्त प्रोग्राम पुढं चार गाळप हंगाम चालला. माझं ऑफिस तीन खोल्यांचं झालं. ते मात्र एका नेट कॅफेत लोकांचे फॉर्म भरून द्यायला लागले, उभ्यानंच. एकदा सात रस्त्यावर मला ते दिसले. गावाकडच्या कुणीतरी पलीकडून हाक मारली, "ओ टोळी नऊ!" आणि त्यांनी हात वर करून "ओऽ" दिली. मी झेरॉक्सच्या दुकानात शिरलो आणि नको असलेल्या कागदाच्या दहा प्रती काढल्या.

मध्ये बरीच वर्षं गेली. सांगायचं तर होतं, पण आधी मुलीचं लग्न होऊ दे म्हटलं, मग ऑफिस बंद होऊ दे म्हटलं, मग डोळ्यांचं ऑपरेशन. गेल्या हिवाळ्यात मी रक्ताचा रिपोर्ट आणायला एका ठिकाणी गेलो होतो. पाकीट उघडलं तर आत कुणा भलत्याच बाईचा रिपोर्ट. काउंटरवरचा माणूस म्हणाला, "प्रिंटरची गडबड असेल." त्याच्या मागून एक विशीतली मुलगी पुढं आली. "प्रिंटर नाही, सर. मी दोन पाकिटं एकावर एक ठेवली. माझ्याकडून झालं." पंधरा माणसं ऐकत होती. तिला काहीच वाटलं नाही. तिनं पाकीट बदलून दिलं आणि पुढच्या माणसाला हाक मारली.

मी तिथून रिक्षा केली ती थेट विजापूर रोडला, सॉर्टर मुलाकडे राहतात तिथं.

दार वहिनींनी, म्हणजे सॉर्टरांच्या बायकोनं, उघडलं. सॉर्टर खिडकीपाशी उभे राहून पेपर वाचत होते. मी बसलो नाही. उभ्या उभ्याच सगळं सांगितलं : दुपार, कपाट, ओळ, चार वेळा सुभद्राबाई. त्यांनी पेपरची घडी घातली.

"माहीत आहे," ते म्हणाले.

"कधीपासून?"

"ओळ बदलल्याची वेळ फाइलवर असते की, साहेब. दुपारी तीन वाजून दहा मिनिटं. मी तेव्हा दवाखान्याच्या रांगेत होतो." त्यांनी आतल्या उजव्या खिशाचं बटण काढलं आणि प्लॅस्टिकच्या तुकड्यात गुंडाळलेली चिठ्ठी बाहेर काढली.

"अगं बाई, ही तुमची का?" वहिनी म्हणाल्या. "भाऊजी, बारा वर्षं झाली. दर धुण्याला काढायची, वाळल्यावर परत घालायची. नवा शर्ट आला की त्यात घालायची. कुणाची विचारलं तर सांगत न्हाईत."

मी हात पुढं केला. त्यांनी चिठ्ठी दिली नाही. "मला सांगून काय उपयोग? मला ठाऊकच होतं. ज्यांना ठाऊक नाही त्यांना सांगा. सुभद्राबाईपासून सुरू करा." आणि एक बोट दुमडलं. "हा पहिला."

मी गावाला गेलो. सुभद्राबाई आता सुनेच्या राज्यात आहे. ऐकून म्हणाली, "मला तर माजीच पाळी मिळाली की हो. माजं कुटं काय चुकलं? गट आफिसात सांगा." गट ऑफिसात, म्हणजे कारखान्याच्या त्या भागातल्या कचेरीत, एक तरुण माणूस होता. म्हणाला, "मी त्या वेळी बारावीला होतो, काका. कारखान्यावर शेतकी विभागात जा." शेतकी विभागातल्या साहेबांनी चहा दिला, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तक्रारीचा अर्ज तात्यांच्या सहीचा होता. तात्यांना सांगितलं म्हणजे गावाला सांगितलं."

तात्या ओट्यावर बसले होते. ऐंशीच्या पुढचे, पण आवाज तोच. मी सगळं सांगितलं. त्यांनी मांडीवर थाप मारली.

"म्हंजी त्यो मानूस खरा व्हता? बारा वर्सं आमी त्येला टोळी नऊ म्हनतोय, अन् त्यो 'ओ' देतोय?"

"हो."

"लई पाजी हो तुमी." ते हसायला लागले आणि हसता हसता थांबले. "मग आता तुमास्नी टोळी नऊ म्हनावं का?"

"म्हणा."

"म्हनतो. पर मला सांगून काय व्हतंय? त्या मानसापुढं जाऊन सांगा की."

मी परत विजापूर रोडला आलो. सॉर्टरांना सगळा प्रवास सांगितला. पाचवं बोट दुमडून ते मोठ्यानं हसले. "तुम्हांला तात्या म्हणतो माझ्याकडं जा, मी म्हणतो तिकडं जा. खिडकी चार आणि खिडकी सात. आता सहाव्यांदा कुणाकडं जायचं नाही."

"मग?"

"कागद. दोघांना एकाच वेळी दिसेल अशा ठिकाणी लावा. खळ हवी तर देतो."

म्हणून हे लिहिलं. छापून आलं की एक प्रत तात्यांच्या ओट्यावर जाईल आणि एक विजापूर रोडला. तात्यांच्या नातवानं वाचून दाखवायचं कबूल केलंय.

चिठ्ठी त्यांनी मला त्या दिवशी वाचायला मात्र दिली. वरती माझ्या बदललेल्या ओळीची नक्कल आणि वेळ. खाली त्यांच्या टपालातल्या गोल अक्षरात : 'साहेबांनी केलं. येऊन सांगतील.'

मी ती फाडू का, असं विचारलं. वहिनी म्हणाल्या, "फाडा की एकदाची!" पण सॉर्टरांनी ती माझ्या हातातून काढून घेतली, प्लॅस्टिकात गुंडाळली आणि सहाव्या खिशात ठेवून बटण लावलं.

"छापून येऊ दे," ते म्हणाले. "मग मी फाडतो. ज्यानं दिली त्यानंच रद्द करायची."